उघडतांच मिटणारा कागद



लोखंडी पेटी हा एके काळीं प्रत्येक घरांतील विश्वासाचा कोपरा होता. खरेदीखत, विम्याचा कागद, मुलांचे दाखले, जन्मपत्रिका, सारें कांहीं तींत ठेवलेलें असे; आणि किल्ली हरवलीच तर लोहाराला बोलावून कुलूप तोडतां येई. आज तींच कागदपत्रें संगणकांत जाऊन बसलीं आहेत. तेथें कागदाचें नांव दिसतें, त्यावर खूण केली कीं तो क्षणभर उघडतोहि, आणि पाहतां पाहतां सबंध खिडकीच मिटून जाते. पुन्हां उघडावा तर पुन्हां मिटतो. घरांतील कर्ता माणूस अशा वेळीं जितका असहाय दिसतो, तितका तो घरांतील दिवे गेल्यावरहि दिसत नाहीं.

पुण्याच्या एका जुन्या पेठेंत २४ बिऱ्हाडांची एक इमारत आहे, अशी कल्पना करावी. इमारत जीर्ण झालेली, ती पाडून नवी बांधण्याचें ठरत आलेलें. विकसकाकडून कराराचा मसुदा आला तो शुक्रवारीं रात्रीं. २१२ पानांचा, पीडीएफच्या रूपांत. सह्या करण्याची सभा रविवारीं सकाळीं दहा वाजतां. दुसऱ्या मजल्यावर बँकेंत ३४ वर्षें रोखपालाचें काम करून निवृत्त झालेले एक आजोबा राहतात. वाचल्यावांचून कागदावर सही करावयाची नाहीं, हा त्यांचा जन्माचा नेम. जेवण आटोपून, चष्मा पुसून ते संगणकापाशीं बसले. त्यांनीं मसुदा उघडला, तों पडद्यावर एक चौकट आली: फाइल खराब झाली आहे, ती उघडतां येत नाहीं.

येथें पीडीएफ ही काय वस्तु आहे तें सांगितलें पाहिजे, कारण पुढील सारी हकीकत त्यावर अवलंबून आहे. १९९१ सालीं ॲडोबी कंपनीचे एक संस्थापक जॉन वॉर्नॉक यांनीं ‘कॅमेलॉट’ नांवाच्या एका योजनेचें टांचण लिहिलें. एका यंत्रावर तयार झालेला कागद दुसऱ्या कोणत्याहि यंत्रावर जसाच्या तसा दिसावा आणि जसाच्या तसा छापतां यावा, एवढीच त्यांतील मागणी होती. त्यांतून १९९३ सालीं पीडीएफ बाहेर पडली, आणि २००८ सालीं ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. पुष्कळांची समजूत अशी असते कीं, पीडीएफ म्हणजे कागदाचा फोटो. तसें नेहमींच नसतें. तींत फोटो असूं शकतो. परंतु मुख्यत: ती आज्ञांची वही आहे. अमुक जागीं अमुक अक्षर काढा, येथून तेथवर रेघ ओढा, हा चौकोन पिवळ्या रंगानें भरा, अशा आज्ञा तींत क्रमानें लिहिलेल्या असतात. आपला व्ह्यूअर, म्हणजे कागद दाखविणारा प्रोग्रॅम, त्या आज्ञा वाचून प्रत्येक वेळीं पान नव्यानें रंगवीत असतो.

दुसरी गोष्ट, ह्या वहीची अनुक्रमणिका शेवटीं असते. कोणती वस्तु फाइलींत कितव्या अक्षरापासून सुरू होते, त्याची सूची पीडीएफच्या शेपटाशीं दिलेली असते, आणि प्रोग्रॅम वाचावयास लागतो तो शेवटाकडून. म्हणून उतरवून घेतांना फाइल अर्धवट आली, तर आधीं हरवते ती नेमकी अनुक्रमणिका. कांहीं प्रोग्रॅम सारी वही चाळून नवी सूची बनविण्याचा प्रयत्न करतात. कित्येक सरळ हात जोडतात.

आजोबांच्या बाबतींत तेंच झालें होतें. त्यांची नात अकराव्या इयत्तेंत आहे. तिनें सोसायटीच्या चिटणीसांना फोन करून फाइलीचा आकार विचारला. त्यांच्याकडे ३८ एमबी, येथें २२. फाइल पुन्हां उतरवून घेतली, आकार जुळला, आणि मसुदा उघडला. असा जमाखर्च आधीं जुळवून पाहावा. त्याला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाहीं. विशेषत: व्हॉट्सॲपवरून किंवा पत्रांतून आलेली फाइल तेथल्या तेथें उघडूं नये; ती आधीं संगणकाच्या तबकडीवर उतरवून घ्यावी आणि मग उघडावी.

रात्रीं साडेदहापर्यंत वाचन सुरळीत चाललें. पान १६१ आलें, आणि खिडकी मिटली. ह्या वेळीं कोणतीहि चौकट नाहीं, कोणताहि निरोप नाहीं. आजोबांनीं फाइल फिरून उघडली आणि ते पान १६१ पर्यंत आले. पुन्हां तेंच. तिसऱ्या वेळींहि तेंच.

ह्या दोन प्रकारांतील भेद ध्यानांत घेण्यासारखा आहे. पहिल्या वेळीं प्रोग्रॅम जिवंत होता. त्याला फाइलींत दोष आढळला आणि त्यानें तो तोंडानें सांगितला. दुसऱ्या वेळीं प्रोग्रॅम स्वत:च मेला. मेलेला साक्षीदार बोलत नाहीं. म्हणून जेथें निरोप येतो तेथें निरोप वाचावा, आणि जेथें येत नाहीं तेथें इतर साक्षी गोळा कराव्या.

शनिवारीं सकाळीं ही वार्ता जिन्यांत पसरली, आणि सल्लागार जमले. परगांवीं असलेल्या चिरंजीवांनीं फोनवरून सांगितलें, प्रोग्रॅम काढून टाका आणि पुन्हां बसवा. तळमजल्यावरील दुकानदार म्हणाले, संगणकाची मेमरी कमी पडते आहे, ८ जीबीच्या १६ करून घ्या. चौथ्या मजल्यावरील तरुण अभियंता निघतां निघतां सांगून गेला कीं, आजोबा, सगळें यंत्रच फॉरमॅट करून टाका, म्हणजे कटकट मिटली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण ज्यानें केली त्यानें संगणक पाहिला नव्हता, पण सल्लागार मात्र पाहिले असावेत. त्या यंत्रांत आजोबांच्या दिवंगत पत्नीचीं छायाचित्रें होतीं, आणि नातीच्या बारशाच्या वेळीं म्हटलेल्या पाळण्यांतील त्यांचा आवाज होता. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणें. आजोबांनीं अभियंत्याला चहा दिला आणि मान हालविली. कशी हालविली तें सांगणें कठीण.

याहून वाईट प्रसंग दुपारीं आला. आजोबांनीं स्वत:च इंटरनेटवर उपाय शोधला. अगदीं वरतीं मदतीचा म्हणून एक टेलिफोन क्रमांक होता. त्यांनीं तो फिरविला. पलीकडील माणूस फार गोड बोलला. तुमच्या संगणकांत विषाणु शिरला आहे, एक छोटा प्रोग्रॅम बसवा म्हणजे येथूनच दुरुस्त करतों, आणि नोंदणीपुरते दहा रुपये तेवढे बँकेच्या ॲपमधून भरा, पडदा मला दिसतोच आहे, असें तो म्हणाला. ३४ वर्षें कोऱ्या चेकवर सही करूं नका म्हणून लोकांना बजावणाऱ्या रोखपालाला पडदा दिसण्याचा अर्थ कळावयास वेळ लागला नाहीं. त्यांनीं फोन ठेवला. सर्वच घरांत तो ठेवला जात नाहीं, म्हणून येथें सांगावेसें वाटतें: अनोळखी माणसाला आपला पडदा दाखविणें म्हणजे त्याच्या हातीं तिजोरीची किल्ली देणें होय. फसगत झालीच तर १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ कळवावें.

मग संध्याकाळीं आजोबांनीं एक जुनी वही काढली. बँकेंत दिवसअखेर रोकड जुळली नाहीं, तर ते काय करीत? सगळीं पुस्तकें फाडून नवीं लिहीत नसत. कोणत्या खिडकीवर, कोणत्या वेळेपर्यंत जमा बरोबर होती तें पाहत, आणि चूक जेथें नाहीं तो भाग एकेक करून बाजूला काढीत. तीच रीत त्यांनीं येथें चालविली. वहींत तीन रकाने आंखले: कागद, प्रोग्रॅम, यंत्र. दोष ह्या तिघांपैकीं एकांत असला पाहिजे, किंवा दोघांच्या भांडणांत. एका वेळीं एकच बदलावयाचें, बाकीचें जसेंच्या तसें ठेवावयाचें, आणि जें घडेल तें लिहावयाचें.

पहिला प्रयोग: त्याच यंत्रावर, त्याच प्रोग्रॅममध्यें, दुसरा कागद. विजेचें बिल उघडलें. कोणी पाठविलेलें तीनशें पानांचें एक स्तोत्रसंग्रहाचें पुस्तक उघडलें आणि शेवटपर्यंत चाळलें गेलें. प्रोग्रॅम अगदींच मोडलेला नाहीं, असें ठरलें. कोणताच कागद उघडत नसता, तर मात्र चिरंजीवांचा सल्ला योग्य झाला असता. तशा वेळीं आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी असते: कांहीं व्ह्यूअर उघडतांनाच घरच्या छपाईयंत्राची चौकशी करतात, आणि त्या छपाईयंत्राचा ड्रायव्हर बिघडलेला असला, तर बिचारा व्ह्यूअर उंबरठ्यावरच अडखळतो.

दुसरा प्रयोग: तोच कागद, दुसरें यंत्र. शेजारच्या बाईंच्या नव्या लॅपटॉपवर मसुदा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उघडला. १६१ च्या पुढें क्षणभर घुटमळला, पण उघडला. म्हणजे फाइल शाबूत आहे.

तिसरा प्रयोग: तेंच यंत्र, तोच कागद, दुसरा प्रोग्रॅम. ह्यासाठीं नवें कांहीं विकत घ्यावें लागत नाहीं. इंटरनेट पाहण्याचे जे प्रोग्रॅम घरोघर असतात, त्यांच्यांतच पीडीएफ दाखविण्याची सोय असते. फायरफॉक्समध्यें ती २०१३ पासून आहे, आणि क्रोम व एज यांतहि ती आहे. नातीनें फाइल उचलून ब्राउझरच्या खिडकींत सोडली. पान १६३ वर पांढरा पडदा आला. आजोबांनीं घड्याळ लावलें. सुमारें दीड मिनिटानें त्या पांढऱ्या पडद्यावर रेघा उमटूं लागल्या, आणि इमारतीचा नकाशा दिसूं लागला.

पान १६१ वर खिडकी मिटत होती, आणि जड पान निघालें १६३. ह्याचें कारण नातीच्या ध्यानांत आलें. वाचणारा एक पान वाचीत असतां पुष्कळ व्ह्यूअर पुढील एकदोन पानें आधींच रंगवून ठेवतात, म्हणजे पान उलटतांना वेळ लागूं नये. वाढणारी बाई जेवणाऱ्याची पोळी संपण्याच्या आंतच दुसरी भाजावयास घेते, तसें हें आहे. म्हणून जेथें अपघात दिसतो त्याच्या दोन पानें पुढें अपराधी असूं शकतो. आजोबांनीं जुन्या प्रोग्रॅममध्यें पान १६५ एकदम उघडलें. तेथून २१२ पर्यंत कांहीं विघ्न नाहीं. १६३ वर आले, कीं खिडकी बंद.

कित्येकांनीं येथेंच थांबून ब्राउझरमधून वाचन पुरें केलें असतें, आणि त्यांत कांहीं चूकहि नव्हती. परंतु इमारतींतील आणखी दोन घरांत हेंच घडत असल्याचें चिटणीसांच्या बोलण्यांत आलें होतें, आणि तीं दोन्ही घरें पान सोडून देऊन सही करणार होतीं. आजोबांना कारण हवें होतें. नातीला तें त्यांच्याहून अधिक हवें होतें.

विंडोजमध्यें ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ नांवाची एक रोजनिशी असते. फारच थोड्या घरांत ती उघडली जाते. कोणता प्रोग्रॅम कोणत्या दिवशीं, कोणत्या वेळीं बंद पडला, त्याची नोंद तेथें तांबड्या फुलीनें केलेली असते. आणि फुलीचा तपशील उघडला, तर कोणत्या भागांत तो पडला त्याचेंहि नांव मिळतें. आजोबांच्या यंत्रांत त्या दोन दिवसांच्या अकरा फुल्या होत्या. अकराही वेळां दोष दाखविलेला भाग एकच, तो व्ह्यूअर स्वत:. आणि खूणहि एकच, सी ००००००५. ह्या खुणेचा अर्थ असा कीं, प्रोग्रॅमनें स्मरणाच्या ज्या जागेवर आपला हक्क नाहीं तेथें हात घातला, आणि विंडोजनें त्याला तेथेंच बंद केलें. त्या जागीं चित्र दाखविणाऱ्या ड्रायव्हरचें नांव आलें असतें, तर तो ड्रायव्हर नवा करून पाहावा लागला असता. दर वेळीं निराळा प्रोग्रॅम, निराळी जागा, निराळी खूण असा गोंधळ असता, तर यंत्राच्या मेमरीचीच परीक्षा करावी लागली असती. तशी परीक्षा घेण्याची सोयहि विंडोजमध्यें आहे. एकाच ठिकाणीं, एकाच रीतीनें होणारा बिघाड हा सर्वांत सुस्वभावी बिघाड होय. तो पळून जात नाहीं.

तरी खात्रीसाठीं नातीनें व्ह्यूअरच्या मांडणींत जाऊन चित्रें काढण्याच्या कामीं घेतली जाणारी ग्राफिक्स कार्डाची मदत बंद केली. फरक पडला नाहीं. तेव्हां आजोबांनीं तिला ती पुन्हां चालू करावयास लावली. निरुपयोगी ठरलेला बदल परत घ्यावा, हा नियम दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु तो न पाळल्यामुळें चार दिवसांच्या खटपटीनंतर मूळ दोष कोणता आणि आपण निर्माण केलेला कोणता, हें ओळखूं न येणारीं यंत्रें पुष्कळ असतात.

मग नातीनें टास्क मॅनेजर उघडला. कोणता प्रोग्रॅम किती मेमरी घेतो, तें त्यांत चालत्या आंकड्यांनीं दिसतें. पान १६० वर व्ह्यूअरचा आंकडा २०० एमबीच्या आंत होता. पान १६१ येतांच तो ५०० झाला, ९००, १४००, १८०० आणि २००० च्या जवळ जातांच खिडकी मिटली. यंत्रांत ८ जीबी, त्यांतील निम्मी मोकळी. मग दोहोंवर अडतें काय?

उत्तर असें निघालें कीं, तो व्ह्यूअर फार जुना, ३२ बिटांच्या घडणीचा होता. कित्येक वर्षांपूर्वीं चिरंजीवांनीं बसविला, तो तसाच राहिला. विंडोजमध्यें अशा घडणीच्या प्रोग्रॅमला सामान्यत: २ जीबीच मेमरी वापरतां येते, यंत्रांत ८ असो वा १६. दुकानदारांचा सल्ला मानला असता, तर पैसे गेले असते आणि खिडकी पूर्वींइतक्याच तत्परतेनें मिटली असती.

आतां एका पानाला २ जीबी लागावी कशी? हें गणित करमणुकीचें आहे. मसुद्याचीं इतर पानें ए-४ आकाराचीं. पान १६३ मात्र ए-० आकाराचें, म्हणजे ८४१ मिलिमीटर रुंद आणि १,१८९ मिलिमीटर लांब. त्याचें क्षेत्रफळ एक चौरस मीटर, आणि त्यांत ए-४ चे १६ कागद मावतात. संगणकाच्या पडद्यावर तें खऱ्या आकारांत, इंचाला ९६ ठिपके ह्या मानानें काढावयाचें तर रुंदींत सुमारें ३,१७९ आणि लांबींत ४,४९४ ठिपके होतात. गुणाकार सुमारें १ कोटि ४३ लक्ष. प्रत्येक ठिपक्याला चार बाइट धरले तर ५७ एमबी. एवढ्यानें कांहीं बिघडत नाहीं. परंतु आजोबांची नजर अधू. त्यांनीं व्ह्यूअरला सर्व पानें दुप्पट मोठीं करून दाखविण्याची कायमची आज्ञा देऊन ठेविली होती. लांबी दुप्पट, रुंदी दुप्पट, म्हणजे ठिपके चौपट. ५७ चे झाले २२९ एमबी.

एवढ्यानेंहि २ जीबी भरत नाहीं. नकाशा काढणाऱ्यानें खोल्या, जिने, गच्च्या, बागबगीचा यांवर निरनिराळ्या फिकट रंगांचे पारदर्शक हात दिले होते. खालची रेघ रंगांतून दिसली पाहिजे, म्हणून प्रोग्रॅमला असा थर वेगळ्या पाटीवर रंगवून मग खालच्यांत मिसळावा लागतो. एकमेकांत गुंतलेले असे थर असले तर तितक्या पाट्या एकाच वेळीं धरून ठेवाव्या लागतात. असे आठ थर धरले, तर २२९ ला आठांनीं गुणून १,८३२ एमबी होतात. त्यावर नकाशांतील रेघा! फरशी दाखविण्यासाठीं मारलेली जाळी, प्रत्येक झाडाचीं पानें, प्रत्येक नळाची गोलाई, अशा आज्ञा लक्षावधि असूं शकतात. आणि त्यांचीहि यादी ठेवावी लागते. नवे प्रोग्रॅम पडद्यावर जेवढा तुकडा दिसतो तेवढाच रंगवून वेळ निभावून नेतात. जुना बिचारा सबंध चौरस मीटर रंगवावयास बसतो, जागा मागतो, ती मिळत नाहीं, आणि न मिळालेल्या जागेंत रंगवूं लागतो. तेथें विंडोजचा हात त्याच्या मानेवर पडतो.

हें सारें खरें कशावरून? आजोबांनीं ह्या प्रश्नासाठीं वहींत एक नवी ओळ घातली. जुन्याच प्रोग्रॅममध्यें नातीनें दुप्पट आकाराची आज्ञा काढून ‘सबंध पान खिडकींत मावेल एवढें’ अशी आज्ञा दिली, आणि पान १६३ मागितलें. चार सेकंदांत नकाशा आला. पुन्हां दुप्पट केलें, खिडकी मिटली. पुन्हां लहान केलें, नकाशा आला. बोलाविला म्हणजे येतो आणि घालविला म्हणजे जातो, असा दोष हातीं लागला तेव्हां रात्रीचे पावणेबारा झाले होते. नुसता उपाय लागू पडला, कीं कारण सांपडलें असें मानण्याची घाई संगणकाच्या दुरुस्तींत फार होते. पुष्कळदां मधल्या काळांत यंत्र बंद करून चालू केलेलें असतें, आणि श्रेय भलत्यालाच मिळतें.

येथें दोन इशारे देणें अवश्य आहे. इंटरनेटवरील पुष्कळ उपदेशांत असें असतें कीं, व्ह्यूअरमधील संरक्षणाची तजवीज, जिला ‘प्रोटेक्टेड मोड’ म्हणतात, ती बंद करा म्हणजे तो बंद पडणार नाहीं. ॲडोबीनें ही तजवीज २०१० सालीं आणली ती विनाकारण नव्हे. पीडीएफमध्यें आज्ञा असतात, आणि आज्ञा दुष्टहि असूं शकतात. त्या कागदाच्या चौकटीबाहेर जाऊन घरभर हिंडूं नयेत, म्हणून घातलेलें तें कुंपण आहे. माहितीच्या माणसाकडील कागदासाठीं, परीक्षेपुरतें तें क्षणभर काढून पाहणें निराळें. काढून विसरणें निराळें. दुसरें असें कीं, अनोळखी ठिकाणाहून आलेला कागद उघडतांच व्ह्यूअर बंद पडत असेल, तर त्याची शुश्रूषा करूं नये. तो पुसून टाकावा. प्रोग्रॅमला मुद्दाम पाडून त्या गडबडींत आंत शिरणें, ही कागदाच्या रूपानें येणाऱ्या चोराची जुनी युक्ति आहे.

आतां नकाशाकडे वळावें. सबंध पान खिडकींत मावविलें, तर अक्षरें मुंगीएवढीं दिसत होतीं. नातीनें तें पान ब्राउझरमध्यें उघडून कोपऱ्यांतील कोष्टक तेवढें मोठें केलें आणि आजोबांना वाचून दाखविलें. त्यांच्या वांट्याच्या घराच्या ओळींत खोल्यांचें क्षेत्रफळ ६९८ चौरस फूट, आणि त्यापुढें निराळ्या रकान्यांत बाल्कनी ४४. आजोबांनीं मसुद्याचें पान ३८ काढावयास सांगितलें. तेथें त्याच घराचें चटईक्षेत्रफळ लिहिलें होतें ७४२.

“आजोबा, ६९८ आणि ४४ मिळून ७४२ च होतात. मग चुकलें कोठें?” नातीनें विचारलें.

“बेरीज चुकली नाहीं, बाळ. मथळा चुकला,” आजोबा म्हणाले.

स्थावर संपदेच्या २०१६ च्या कायद्यांत चटईक्षेत्रफळाची व्याख्या दिलेली आहे. घराच्या आंतील भिंतींची जागा त्यांत धरावयाची; बाहेरील भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरावयाची नाहीं. पान ३८ वर बाल्कनी पोटांत घालून आंकडा फुगविला होता; मुद्दाम कीं नजरचुकीनें, तें सांगतां येत नाहीं. पान १६३ वर तो खरा होता. कराराला दोन्ही पानें जोडलेलीं. सही मात्र एकच व्हावयाची.

रविवारच्या सभेंत आजोबा वही घेऊन गेले. त्यांनीं आधीं कराराचें कांहीं काढलेंच नाहीं. पान १६३ किती जणांनीं पाहिलें, एवढेंच त्यांनीं विचारलें. पांच हात वर झाले. कोणाचा संगणक तेथें थांबत होता, कोणी फोनवर पाहूं गेले तों फोन गरम होऊन थांबला, आणि बाकीच्यांनीं परिशिष्टांत काय असावयाचें म्हणून तें उघडलेंच नव्हतें. चौथ्या मजल्यावरील अभियंत्यानें पाहिलें होतें. पण नकाशा सुंदर आहे एवढेंच त्यानें पाहिलें. मग आजोबांनीं दोन पानांवरील दोन आंकडे वाचून दाखविले, आणि प्रत्येकानें आपापल्या घराची ओळ वाचावी अशी विनंति केली. एका लॅपटॉपभोवतीं चोवीस घरांची गर्दी झाली. प्रत्येक ओळींत तोच प्रकार होता.

सह्या पंधरा दिवस पुढें गेल्या. पान ३८ वर चटईक्षेत्रफळ आणि बाल्कनी हे दोन आंकडे निरनिराळे दाखवावे, असें विकसकाला कळविण्याचें ठरलें. शिवाय परिशिष्टांतील नकाशे रंगांचे थर काढून, ए-३ आकारांत, निराळ्या हलक्या फाइलींत पाठवावे, आणि ज्यांच्याकडे संगणक नाहीं अशा तीन घरांना छापील प्रत द्यावी, हेंहि त्याच पत्रांत लिहिलें. छापील प्रतीची सूचना शेजारच्या बाईंची. ती इतकी वेळ कोणालाच सुचली नव्हती.

सोमवारीं संध्याकाळीं नातीनें आधीं छायाचित्रांची आणि त्या पाळण्याची एक प्रत बाहेरील डिस्कवर काढून ठेविली. नंतर जुना व्ह्यूअर काढून ६४ बिटांचा नवा बसविला. पान १६३ दुप्पट आकारांत मागितलें तेव्हां तें थोडें रेंगाळत, तुकड्यातुकड्यांनीं, परंतु सबंध उघडलें. आजोबांनीं वहींत तारीख घालून तशी नोंद केली, आणि बाल्कनीची लांबी-रुंदी नकाशावरून घेऊन तिचे ४४ चौरस फूट होतात कीं नाहीं, तें गुणाकार करून पाहिलें.